पांढरी कावीळ पुन्हा पुन्हा का उठते? दवाखान्यात विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. हेपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात, तिचे पेशंट माझ्याकडे बहुतेक वेळा पहिल्या खेपेला येत नाहीत. पहिली कावीळ कुठेतरी उतरवून घेतलेली असते. दुसरी किंवा तिसरी झाली, पोटात पाणी साचलं, जेवण सुटलं, की मग कापडी पिशवीत जुने-नवे रिपोर्ट कोंबून घरातले चार जण येतात. त्यांचे प्रश्न मी त्यांच्याच बोलीत खाली ठेवले आहेत. ओपीडीत एकेकाला पाच मिनिटं मिळतात आणि त्यात हे सगळं सांगून होत नाही.

“मागच्या साली कावीळ उतरली होती. मंग यंदा परत कशी आली?”

बहुतेकांची ती परत आलेली नसते. ती गेलीच नव्हती.

डोळे आणि लघवी पिवळी होणं हे यकृताला सूज आल्याचं लक्षण आहे. सूज ओसरली की पिवळेपणा जातो, व्हायरस मात्र मागे राहू शकतो. वावरातला लव्हाळा आठवा. वखर फिरवला की रान साफ दिसतं, पण गाठी मातीत तशाच असतात आणि एक पाऊस पडला की पुन्हा हिरवं होतं. या व्हायरसच्याही अशा गाठी आहेत. यकृताच्या पेशीच्या केंद्रकात तो आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून ठेवतो. आज मिळणारी कुठलीही गोळी ते कडं मुळासकट काढत नाही. ती नवा व्हायरस तयार होऊ देत नाही, आणि तेवढ्यानं यकृत वाचतं.

मग तो उठतो केव्हा? माझ्याकडच्या पेशंटांत सगळ्यात जास्त वेळा एकच कारण निघतं, ते म्हणजे गोळी मध्येच सोडलेली असते. कधी दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू झालेली असतात आणि शरीराची राखण ढिली पडलेली असते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही तो उसळतो. आणि काही जणांत कुणाचीच काही चूक नसते. वीस-वीस वर्षं शांत असलेल्या व्हायरसवर शरीर एक दिवस स्वतःहून तुटून पडतं आणि त्या झटापटीत यकृताच्या पेशी मरतात.

पण हेही लक्षात घ्या की बी पॉझिटिव्ह माणसाची दुसरी कावीळ दर वेळी बी चीच असते असं नाही. पावसाळ्यात नळाच्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं की हेपॅटायटिस ए आणि ई पसरतात, आणि आधीच दुखावलेल्या यकृतावर ते फार भारी पडतात. हेपॅटायटिस डी नावाचा आणखी एक व्हायरस आहे, तो फक्त बी असलेल्यालाच होतो. पित्ताशयातले खडे, टीबीची औषधं, मलेरिया, सिकलसेल ही कारणं वेगळीच. म्हणून “बी आहे हे तं माहीतच आहे, पुन्हा तपासणी कायले?” असं म्हणू नका.

“माझ्या साळ्याले झाली होती, तो तीन महिन्यांत बरा झाला. मी काऊन नाई झालो?”

व्हायरस शरीरात शिरला तेव्हा वय काय होतं, यावर हे ठरतं. मोठ्या वयात संसर्ग झाला तर शंभरातले पंचाण्णवच्या वर लोक सहा महिन्यांत व्हायरस पूर्ण हटवतात. तुमच्या साळ्याचं तसं झालं असावं. जन्माच्या वेळी आईकडून मिळाला तर शंभरातल्या साधारण ९० बाळांत तो कायमचा मुक्काम करतो, कारण तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखतच नाही. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी, म्हणजे व्हायरस शरीरात आहे का ते सांगणारी रक्ताची चाचणी, पॉझिटिव्ह राहिली की त्या आजाराला दीर्घकालीन म्हणतात.

दीर्घकालीन बी असलेल्या चाळिशीतल्या माणसाला हा व्हायरस बहुधा तो पाळण्यात असताना किंवा अंगणात खेळण्याच्या वयात मिळालेला असतो. आपल्या देशात बी ची लस सरकारी लसीकरणात सगळीकडे पोचली ती २०११ च्या सुमारास. त्याआधी खेड्यात जन्मलेल्यांना ती क्वचितच मिळाली. रिपोर्ट आल्या दिवशी नवरा-बायको एकमेकांकडे संशयानं पाहू लागतात, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो. माझ्यासमोर एक बाई माहेरी निघून गेली होती. तिच्या सासूची तपासणी केली तेव्हा तीही पॉझिटिव्ह निघाली, आणि नवऱ्याचा मोठा भाऊसुद्धा. आजार त्या घरात चाळीस वर्षांपासून होता. रिपोर्टवरून कुणाच्या वागण्याचा निवाडा करू नका.

“एवढे कागद आहेत. यात काय पाहाचं असते?”

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस शरीरात आहे, एवढंच. तो किती आहे आणि नुकसान किती झालंय, हे या चाचणीतून कळत नाही. कार्डावर दोन रेघा आल्या की लोक हबकतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोनच रेघा आल्या की “औषधाचा काही फायदा नाही” म्हणून गोळी सोडतात. ही चाचणी गोळीनं लवकर निगेटिव्ह होत नाही. वर्षाला शंभरात साधारण एकाची होते. तिच्यावरून औषधाचा गुण मोजू नका.

गुण मोजायचा तो एचबीव्ही डीएनए या तपासणीवर, जिला पेशंट व्हायरल लोड म्हणतात. गोळी नियमित घेतली तर हा आकडा लाखांवरून उतरत उतरत “आढळला नाही” इथवर येतो. दुसरा आकडा एसजीपीटीचा, म्हणजेच एएलटीचा. यकृताच्या पेशी फुटल्या की तो वाढतो. यकृताला सूज आहे की नाही ते हा सांगतो, आणि डोळे पिवळे होण्याच्या कितीतरी आधी सांगतो. लॅबच्या कागदावर चाळीसपर्यंत “नॉर्मल” छापलेलं असतं, पण बी साठी पुरुषांत तीस आणि बायकांत एकोणीसच्या वरचा आकडाही जागतिक आरोग्य संघटना वाढलेलाच मानते.

तिसरी गोष्ट म्हणजे प्लेटलेट. यकृत वर्षानुवर्षं कडक होत गेलं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट घटत जातात. “प्लेटलेट कमी आहे, पपईच्या पानाचा रस देतो” असं म्हणत दोन वर्षं काढलेला एक पेशंट माझ्याकडे आला तेव्हा त्याला सिरॉसिस झालेला होता, म्हणजे यकृत कडक आणि गाठाळ होऊन बसलं होतं. एसजीओटी (एसजीपीटीसोबतच येणारा यकृताचा दुसरा आकडा) आणि प्लेटलेट या दोन साध्या आकड्यांवरून यकृत किती कडक झालंय याचा अंदाज काढता येतो. मोठ्या दवाखान्यात त्यासाठी फायब्रोस्कॅनही असतो. त्यात सुई नसते, दुखत नाही.

अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह हा चांगला रिपोर्ट आहे. त्याचा अर्थ संरक्षण आहे, लसीमुळे किंवा आजार हटवल्यामुळे. “पॉझिटिव्ह” शब्द पाहून रडत आलेल्या एका नर्सिंगच्या मुलीला मला हे समजवावं लागलं होतं.

“व्हायरस आहे म्हणता आणि गोळी देत नाई. असं कसं?”

कारण प्रत्येकाला गोळी लागत नाही. व्हायरल लोड कमी, एसजीपीटी नॉर्मल, यकृत मऊ अशी स्थिती असेल तर आज गोळीनं फारसं काही मिळत नाही आणि एकदा सुरू केली की ती बरीच वर्षं चालते. साधारण नियम असा आहे. सिरॉसिस असेल तर लोड कितीही असो, गोळी लगेच. लोड दोन हजारांच्या वर आणि एसजीपीटीही वाढलेली असेल तर गोळी. घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झालेला असेल, सोबत एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सी असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू होणार असेल, तरीही गोळी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये हे निकष आधीपेक्षा सैल केले आहेत. चार वर्षांपूर्वी कुणी “गरज नाही” म्हटलं असेल तर एकदा नव्यानं दाखवून घ्या.

गोळी नसली तरी सहा महिन्यांनी तपासणी हवीच. खरी गळती इथेच होते. “गोळी नाई दिली” याचा अर्थ घरी जाईपर्यंत “काही नाई झालं” असा होतो आणि माणूस पाच वर्षं फिरकत नाही.

“कोणती गोळी? किती दिवस घ्याची?”

दोन औषधं मुख्य आहेत, टेनोफोविर आणि एन्टेकॅविर. दोन्ही रोज एक गोळी. एन्टेकॅविर रिकाम्या पोटी घ्यायची, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. टेनोफोविरची जुनी गोळी कधीही चालते, नवी जेवणासोबत घ्यायची. टेनोफोविरचे दोन प्रकार मिळतात. ३०० मिलिग्रॅमची जुनी गोळी काही जणांत मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम करते, म्हणून अधूनमधून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ताची चाचणी) तपासतात. मूत्रपिंड आधीच नाजूक असेल तर २५ मिलिग्रॅमची नवी गोळी किंवा एन्टेकॅविर देता येते. टेनोफोविर चालू असताना अंगदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या खाऊ नका. निंदणं, डवरणं, फवारणी करून रात्री अंग ठणकतं हे मला ठाऊक आहे, पण त्या गोळ्या आणि ही गोळी मिळून मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो.

पूर्वी लॅमिव्ह्युडिन एकटीच देत. काही वर्षांत व्हायरस तिला दाद देईनासा होतो, म्हणून आता ती एकटी देत नाहीत. जुन्या चिठ्ठीवर अजून तीच घेत असाल तर दाखवायला या, आणि पूर्वी घेतली असेल तर तेही सांगा. त्यावरून पुढची गोळी ठरते.

सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी करतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका. ही औषधं एचआयव्हीवरही काम करतात, आणि एचआयव्ही असताना एकच गोळी दिली तर तो व्हायरस औषधाला सरावतो. एआरटी केंद्रात, म्हणजे जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मिळणाऱ्या गोळीत बी वरचीही औषधं असतात, म्हणून एआरटी बदलायची झाली तर बी आहे हे तिथे सांगायला विसरू नका.

किती दिवस? बहुतेकांना अनेक वर्षं, सिरॉसिस असलेल्यांना जन्मभर. बीपीची गोळी जशी आयुष्याचा भाग होते तशीच ही. आठवड्याला एक असं ४८ आठवडे घ्यायचं इंटरफेरॉनचं इंजेक्शनही आहे. पण ते महाग, ताप-अंगदुखी आणणारं आहे आणि सिरॉसिस बळावलेल्याला चालत नाही. आपल्या भागात मी ते फार थोड्यांना सुचवतो.

“सोयाबीन काढणीच्या दिवसात गोळी राहून गेली. एवढं काय होते?”

एक-दोन दिवस चुकलं तर काही होत नाही. आठवलं की घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. भीती आहे ती महिना-दीड महिना सुटण्याची.

आमच्याकडे हे ठरलेल्या महिन्यांत घडतं. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढणी, मागोमाग कापसाची वेचणी. एका दिवसाची मजुरी बुडवून गोळ्या आणायला कुणी जात नाही. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्या-मुंबईला बांधकामावर. दिवाळी होते, थंडी सुरू होते आणि जानेवारी-फेब्रुवारीत हेच चेहरे पिवळे डोळे घेऊन समोर येतात. गोळी थांबल्यावर व्हायरस आठवड्या-महिन्यांत पुन्हा वाढतो आणि शरीर त्याच्यावर तुटून पडतं. आधी सिरॉसिस असेल तर या एका झटक्यात यकृत बंद पडू शकतं. दोन वर्षांपूर्वी असा एक माणूस मी नागपूरला पाठवला, वय अडतीस. तो परत आला नाही. त्याच्या पिशवीत रिकाम्या डब्या होत्या आणि शेवटच्या डबीवर ऑगस्टची तारीख होती.

म्हणून गोळ्या घ्यायला याल तेव्हा सांगा, “आम्ही चार महिने बाहेर जातो.” जास्त दिवसांचा साठा देता येतो का, ते पाहता येतं. जिथे जाणार त्या जिल्ह्यातल्या केंद्रावर दाखवायला चिठ्ठी देता येते. डबीत पंधरा गोळ्या उरल्या की पुढच्यांची सोय लावायची, ही सवय घरातल्या शाळकरी पोराला लावून द्या. पोरं विसरत नाहीत.

गोळी कधीच थांबवता येत नाही असं नाही. काही निवडक पेशंटांत थांबवतात, पण ते डॉक्टरांनी आकडे पाहून ठरवायचं असतं आणि नंतर काही महिने वरचेवर रक्त तपासावं लागतं.

“आमच्या इकडं माळ घालतात, नाकात औषध टाकतात. लोकं बरे होतात नं?”

होतात. आणि का होतात ते समजून घेतलं तर राग येणार नाही, मला आता येत नाही.

गावात दिसणाऱ्या काविळीत बरीचशी ए आणि ई ची असते, पाण्यातून आलेली. ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप जाते. माळ घातली तरी जाते, न घालता विश्रांती घेतली तरी जाते. माळ लांब होत जाते म्हणून कावीळ उतरतेय असं वाटतं. ती ओल्या काड्यांची असते. काड्या वाळून बारीक झाल्या की दोऱ्याचे फास सैल होतात आणि माळ वाढते. निरोगी माणसाच्या गळ्यातही वाढेल, खुंटीवर टांगली तरी वाढेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर उतरणारा पिवळा रंग हा आधी हाताला चोळलेल्या सालीच्या रसाचा असतो. नाकात कडू अर्क टाकला की पिवळं पाणी वाहतं. ते नाकाची आतली कातडी भाजल्याचं पाणी आहे. पित्त नाकातून बाहेर येत नाही.

बी च्या बाबतीत मात्र ही समजूत जीव घेते. सूज कधीतरी आपोआप ओसरते, श्रेय माळेला मिळतं आणि माणूस पुढची दहा वर्षं निर्धास्त राहतो. आत यकृत कडक होत असतं. पोटातला झाडपाला तर थेट अपाय करू शकतो. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन यकृताला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तरी माझं सांगणं स्पष्ट आहे: बी असलेल्या माणसानं काढा पिऊ नये. मेळघाटाकडे लेकराच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके देतात, त्याबद्दल तर बोलतानाही जीव कळवळतो. ते करू नका, कुणी करत असेल तर आशाताईला कळवा.

माळ घालायचीच असेल तर घाला, मी गळ्यातून काढायला लावत नाही. पण त्याच दिवशी रक्त तपासा.

“पोराले सिकलसेल आहे. डोळे नेहमीच पिवळे राहतात. मंग बी कशी समजाची?”

हा प्रश्न आपल्या भागाचा आहे आणि पुस्तकात सहसा सापडत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि डोळ्यांत कायम हलका पिवळेपणा असतो. घरच्यांची नजर त्याला सरावते. बी ची कावीळ त्यात लपून जाते. उलटही होतं. सिकलसेलच्या पिवळेपणाला कावीळ समजून लेकराला गावोगाव “उतरवायला” फिरवतात.

फरक तपासणीत कळतो. डोळे पिवळे करणारं द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. ते दोन प्रकारचं असतं, आणि पेशी फुटल्यानं वाढतं ते “इनडायरेक्ट”. सिकलसेलमध्ये एसजीओटी थोडी वाढलेली दिसू शकते, कारण ती तांबड्या पेशींतही असते. पण एसजीपीटी शेकड्यांत गेली तर यकृताकडे पाहायलाच हवं. शिवाय या मुलांत कमी वयात पित्ताचे खडे होतात. ताप आणि उजव्या बरगडीखाली कळ असेल तर सोनोग्राफी करून घ्या.

सिकलसेलच्या मुलाला रक्त चढवावं लागतं. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी बी साठी तपासणं बंधनकारक आहे, पण दात्याला अगदी ताजा संसर्ग असेल तर तो चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून या मुलांची लस पूर्ण झालेली असणं फार महत्त्वाचं आहे. लसीचं कार्ड सापडत नसेल तर अँटी-एचबीएस तपासून कमी असल्यास डोस पुन्हा द्या.

“ताट-पेला वेगळा ठेवावा काय?”

नाही. जेवणातून, पाण्यातून, हात मिळवल्यानं, लेकराचा मुका घेतल्यानं, डासानं हा पसरत नाही. पंगतीत बसा, स्वयंपाक करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात जवळपास ३ कोटी लोकांना हा दीर्घकालीन आजार होता. एवढ्या माणसांची ताटं कुठे कुठे वेगळी करणार?

तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. घरात दाढीचं पातं, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवा. वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस तरी जिवंत राहतो. फरशीवर रक्त सांडलं तर आधी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं भिजवा, मग पुसा. सलूनमध्ये नवं पातं लावायला सांगा. यात्रेत एकाच सुईनं दहा जणांना गोंदतात, तिथे हात पुढे करू नका. आणि सुईसाठी, सलाईनसाठी हट्ट धरू नका. “सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाई” या हट्टापायी गावोगावच्या बोगस डॉक्टरांचा धंदा चालतो आणि एकेक सुई किती जणांना टोचली गेली त्याचा हिशेब नसतो.

घरातल्या प्रत्येकाची एचबीएसएजी तपासणी करा. जे निगेटिव्ह आहेत त्यांना लस द्या: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. नवरा-बायकोपैकी एक पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्याची लस पूर्ण होऊन संरक्षण आल्याचं दिसेपर्यंत निरोध वापरा.

“सून पॉझिटिव्ह निघाली, सातवा महिना आहे. बाळाले होईन काय?”

वेळेवर सांगितलं तर बहुधा होणार नाही. सगळ्या प्रश्नांत हाताला सगळ्यात जास्त यश इथेच येतं.

बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या १२ तासांत, बी ची लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे व्हायरसविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, त्या लसीत बी चीही लस असते. आईचा व्हायरल लोड दोन लाखांच्या वर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला टेनोफोविर देतात, ती बाळाला सुरक्षित आहे. दूध पाजायला हरकत नाही. सिझेरियन फक्त यासाठी करायची गरज नाही.

अडचण वेगळीच असते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तपासणी सासरच्या दवाखान्यात झालेली असते आणि कार्ड तिथेच राहतं, किंवा सासरच्यांना कळू नये म्हणून मुलगीच रिपोर्ट लपवते. कळा रात्री दोनला सुरू होतात. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक ठिकाणी कपाटात नसतं, ते आधी मागवून ठेवावं लागतं. म्हणून आठव्या महिन्यातच माहेरच्या आशाताईला आणि जिथे बाळंतपण होणार तिथल्या सिस्टरला रिपोर्ट दाखवा. बाळाची स्वतःची तपासणी नऊ महिन्यांनंतर करा. आईचं रक्त बाळंतपणानंतर सहा महिने अधूनमधून तपासत राहा, कारण त्या काळात व्हायरस उसळतो.

“हळद, तेल, तिखट बंद करावं लागते काय?”

नाही. भाजी-भाकर, वरण-भात, अंडी, दूध सगळं खा. हळदीनं कावीळ वाढत नाही. नुसत्या उसाच्या रसावर आणि उकडलेल्या भातावर महिना काढणारा माणूस फक्त अशक्त होतो, आणि सिरॉसिसमध्ये तर प्रथिनांची जास्तच गरज असते. पोटात पाणी असेल तेव्हा मात्र मीठ, लोणचं, पापड कमी. बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका फेकून द्या, भाजून खाऊ नका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही आणि बी सोबत ते यकृताच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढवतं.

दारू पूर्ण बंद. मोहाची घरची असली तरी, पोळ्याची कर म्हणून असली तरी. यावर मी घासाघीस करत नाही.

“दुसऱ्या बिमारीचं औषध चालू करताना सांगाव लागते काय?”

प्रत्येक वेळी, प्रत्येक डॉक्टरला. कॅन्सरची केमोथेरपी, आणि विशेषतः रिटुक्सिमॅब नावाचं औषध, सुरू होण्याआधी बी ची तपासणी व्हायलाच हवी. व्हायरस पूर्वी हटलेला असला, फक्त अँटी-एचबीसी (पूर्वी संसर्ग होऊन गेल्याची खूण) पॉझिटिव्ह असली, तरी तो उठू शकतो. संरक्षक गोळी आधी सुरू करतात आणि केमो संपल्यावरही बरेच महिने चालू ठेवतात. दमा, संधिवात, कातडीचे विकार यांसाठी महिनाभराहून जास्त चालणाऱ्या स्टेरॉइडचंही तसंच. बाजारात गुडघेदुखीच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडतो. त्यात पुष्कळदा स्टेरॉइडच कुटलेलं असतं.

टीबीची औषधं यकृताला जड असतात. ती स्वतःहून सोडू नका, दर थोड्या आठवड्यांनी एसजीपीटी तपासून घ्या.

“खर्च किती? कुठं जाव लागते?”

सरकारी केंद्रात तपासणी आणि गोळी मोफत आहे. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्याखाली हे मिळतं. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात केसपेपर काढून “हेपॅटायटिसचं उपचार केंद्र” असं विचारा. व्हायरल लोडचा नमुना पुढे पाठवावा लागला तर रिपोर्टला दिवस लागतात. फोन करून मगच या, एसटीचं भाडं वाया जाणार नाही.

सिरॉसिस असलेल्यांनी, आणि ज्यांच्या घरात यकृताचा कॅन्सर झालाय त्यांनी, दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची. बी मध्ये सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. गाठ लहान असताना सापडली तर काढता येते. पोट दुखायला लागल्यावर सापडलेली बहुतेक वेळा काढता येत नाही.

“रात्रीच धावाव लागन, असं केव्हा समजाचं?”

कावीळ झालेला माणूस बरळू लागला, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, हात पुढे धरल्यावर पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. रक्ताची उलटी झाली, किंवा शौच डांबरासारखी काळी झाली. हिरड्यांतून रक्त थांबत नाही. पोट फुगलंय आणि ताप आहे. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. झोपेची गोळी देऊ नका, “बाहेरचं आहे” म्हणून कुठे नेऊ नका. सोबत चालू गोळ्यांची डबी घ्या.

“माझी एचबीएसएजी निगेटिव्ह आली. आता मोकळा झालो नं?”

अभिनंदन, असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. सहा महिन्यांनी पुन्हा निगेटिव्ह आली आणि अँटी-एचबीएसही तयार झालं असेल, तर गोळी थांबवायचा विचार डॉक्टर करतील. सिरॉसिस आधीच झालेला असेल तर सोनोग्राफी सुरूच राहील. रक्तदान मात्र करू नका. आणि ही फाईल जाळू नका, विहिरीत टाकू नका. पुढे कधी केमो किंवा स्टेरॉइड लागलं तर डॉक्टर पहिल्यांदा हीच मागतील. सातबारा आणि रेशनकार्ड ज्या पेटीत ठेवता, तिथेच ठेवा.